लेगोची कोल्स क्रेन आणि मधल्या भोकातून जाणारी वीज

मी लेगोच्या तुकड्यांतून बनवलेली क्रेन फिरवली की तिची खालची गाडी चालायला लागायची. म्हणजे चाकांची मोटर बंद, रिमोटच्या त्या बटणाला हातसुद्धा लावलेला नाही, मी नुसता वरचा भाग गोल फिरवतोय आणि खालची चाकं हळूहळू पुढे सरकतायत. आधी वाटलं टेबलाला उतार असेल, म्हणून खाली फरशीवर ठेवून बघितलं, तिथेही तेच. उलटा फिरवला की गाडी मागे. मोजपट्टी लावून मोजलं तर वरच्या एका पूर्ण फेऱ्याला गाडी बरोबर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास सरकत होती, दर वेळी तेवढीच, त्यामुळे कुठेतरी काहीतरी सैल आहे किंवा घसरतंय असलं हे प्रकरण नव्हतं, हे गणितच होतं आणि ते माझ्याच गिअरमध्ये बसलेलं होतं. त्या एका गोष्टीपायी मी तीन आठवडे थांबलो आणि त्या तीन आठवड्यांत मला ती जुनी कोल्स क्रेन, जिचं हे मॉडेल आहे, जेवढी कळली तेवढी आधीच्या सगळ्या वाचनात कळली नव्हती. पण आधी क्रेनबद्दल सांगतो.

आमचे बाबा अंबरनाथला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फिटर होते, नंतर मेंटेनन्सला गेले. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. लेथला हार, ड्रिलला हार, वेल्डिंगच्या सेटला हळदकुंकू, आणि यार्डात सगळ्यात शेवटी ती क्रेन, हुकाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पिवळी होती, म्हणजे कधीतरी पिवळी असावी. चार चाकं, वर फिरणारी पत्र्याची केबिन आणि पुढे जाळीची लांब जिब, म्हणजे ज्याच्या टोकावरून हुक लटकतो तो हात. आजच्या क्रेनसारखी एकातून एक बाहेर येणारी बूम नाही, तर अँगल जोडून बनवलेली, आरपार आभाळ दिसणारी जिब. केबिनच्या बाजूला ओतीव अक्षरांत कोल्स. ऑपरेटर काकांनी मला एकदा वर बसवलं होतं, समोर लिव्हर होते आणि मला आठवतंय ते लिव्हर हलके होते, सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाताने हलले. आत्ता कळतं का हलके होते, त्यांच्या मागे क्लच आणि ब्रेकचे पट्टे नव्हते, विजेचे कॉन्टॅक्ट होते.

कोल्स ही इंग्लंडमधली कंपनी. हेन्री जेम्स कोल्सने १८७९ साली लंडनमध्ये वाफेच्या क्रेन बनवायला सुरुवात केली, पुढे काम डर्बीला गेलं, आणि १९३९ मध्ये सुंदरलँडच्या स्टील्स कंपनीने ती घेतली तेव्हा सगळं सुंदरलँडला आलं, जहाजं बांधणाऱ्या गावात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला त्यांनी जी क्रेन दिली तिचं नावच इलेक्ट्रिक मोबाइल एरोड्रोम क्रेन, धावपट्टीवर पडलेली विमानं उचलायला, इंजिनं बदलायला. युद्धानंतर त्याच पद्धतीच्या डिझेल-इलेक्ट्रिक क्रेन जगभर गेल्या, गोद्यांमध्ये, यार्डांत, धरणांच्या कामांवर, आणि १९६० च्या दशकात त्यांनी १०० टनांची कोलोसस काढली. आपल्याकडे कोलकात्याच्या ट्रॅक्टर्स इंडिया कंपनीने कोल्सशी करार करून क्रेन बनवल्या, म्हणून भारतातल्या जुन्या कारखान्यांत ते नाव इतकं दिसायचं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ग्रोव्ह कंपनीने कोल्स घेतली आणि १९९८ मध्ये सुंदरलँडचा कारखाना बंद झाला. ते वाचलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कधी न बघितलेल्या गावासाठी.

आता डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे काय, ते नीट सांगतो कारण सगळं त्यावरच आहे. इंजिन एक, ते वरच्या फिरणाऱ्या भागात मागे बसवलेलं, ते डीसी जनरेटर फिरवतं. मग हुक वरखाली करायला वेगळी मोटर, जिब वरखाली करायला वेगळी मोटर, गोल फिरवायला वेगळी मोटर, आणि आमच्या यार्डातली होती तशा स्वतः चालणाऱ्या क्रेनमध्ये गाडी चालवायलाही खाली वेगळी मोटर. प्रत्येक हालचालीला आपापली मोटर. त्या काळातल्या बाकी बऱ्याच क्रेनमध्ये एकच इंजिन आणि त्यातून शाफ्ट, चेन, क्लच, ब्रेक असा संसार असायचा आणि ऑपरेटर दोन्ही हात दोन्ही पाय वापरून तो ओढायचा.

आणि हेच बघून मला वाटलं की लेगोमध्ये बनवायची तर हीच बनवायची. कारण हायड्रॉलिक क्रेनचं मॉडेल मोटर लावून बनवलं तर ते बाहेरून तसं दिसतं पण आतून खोटं असतं, तिथे खऱ्या क्रेनमध्ये तेल पंपातून सिलिंडरमध्ये जातं आणि आपण स्क्रू फिरवून सिलिंडर लांब झाल्याचं दाखवतो. कोल्समध्ये मात्र एका हालचालीला एक डीसी मोटर, आणि लेगोतही एका हालचालीला एक डीसी मोटर. खरी क्रेन आणि मॉडेल दोन्ही एकाच तत्त्वावर चालणार, ही गोष्ट मला फार आवडली.

लेगोने मोबाइल क्रेन पहिल्यापासून केल्यात. टेक्निक, म्हणजे लेगोची गिअर आणि मोटरवाली मालिका, तिची सुरुवात १९७७ ची आणि १९७८ मध्येच ८५५ नंबरचा मोबाइल क्रेनचा सेट आला होता. नंतर २०१३ चा ४२००९ हा २६०६ तुकड्यांचा, २०१८ चा ४२०८२ हा तर ४०५७ तुकड्यांचा. पण हे नंतरचे सगळे आजच्या क्रेनचे. जुनी जाळीच्या जिबची यार्ड क्रेन हवी तर स्वतःच डिझाइन करा, दुसरा रस्ता नाही. मी आधी कॉम्प्युटरवर स्टुडिओ नावाच्या लेगो डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये काढली, मग तुकड्यांची यादी केली, थोडे जुने सेट मोडून मिळाले, थोडे ब्रिकलिंक ह्या लेगोच्या ऑनलाइन बाजारातून बाहेरच्या विक्रेत्यांकडून. इथे एक सांगायलाच हवं, खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे आपल्याकडे हा छंद करणारी माणसं एकेक पिवळी बीम, म्हणजे भोकांची पट्टी, जपून वापरतात. मीही पिवळ्या पंधरा भोकांच्या बीम मोजून मागवल्या, आणि दिसणार नाहीत अशा जागी निळ्या, लाल, हाताला येतील त्या लावल्या.

स्केल चाकावरून ठरलं. लेगोत चाकं ठराविकच मिळतात, बाकी सगळं बदलता येतं पण चाक बदलता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करायची. खऱ्या क्रेनला १२.००-२० चा टायर धरला तर त्याचा व्यास साधारण १.१२ मीटर, माझ्याकडचं लेगोचं चाक ६२.४ मिमी, भागाकार केला की बरोबर १८ येतं. एकास अठरा. मग लेगोचं एक भोक ते दुसरं भोक ८ मिमी म्हणजे खऱ्या क्रेनवरचे १४४ मिमी. आठ फूट रुंदी म्हणजे १७ भोकं. तीस फुटी जिब म्हणजे ५०८ मिमी, त्रेसष्ट भोकं. हे आकडे वहीत लिहिले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मी उठून बाबांना फोन केला की बाबा आपल्या क्रेनची जिब किती फुटी होती. ते म्हणाले, “तीस. पण जोड घालून चाळीसची करायचो, शेडचे कॉलम उभे करताना.” किती वर्षं झाली, पण एक सेकंदही विचार करावा लागला नाही त्यांना.

जिबवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं काहीही वाटत नाही, जुन्या क्रेनचं सौंदर्य जिबमध्येच आहे. चार कोपऱ्यांत चार लांब पट्ट्या आणि मधे तिरक्या पट्ट्यांची नागमोडी. लेगोत तिरकं बसवणं म्हणजे पायथागोरस, ३-४-५, ६-८-१०, ५-१२-१३, ह्या मापांत बसलं तर भोकं जुळतात, नाहीतर नाही. आणि भोकं मोजताना एक जास्त धरायचं कारण अंतर तीन असेल तर बीमवर भोकं चार. पहिली जिब मी जाड बीमची केली, दिसायला भक्कम, वजन ३१० ग्रॅम, आणि टोकाला कप्पी लावल्यावर जिब उचलणारी मोटर कण्हायला लागली. दुसरी जिब अर्ध्या जाडीच्या बीमची केली, तिरक्या पट्ट्या फक्त दोन बाजूंना, वरखाली नुसते आडवे ॲक्सल, म्हणजे दांडे, वजन १९०. बघितल्यावर वाटेल ही मोडणार. मोडत नाही.

का मोडत नाही हे समजायला मला वेळ लागला. आजच्या टेलिस्कोपिक बूमला खालून सिलिंडर धरतो, पुढचा सगळा भाग अधांतरी, म्हणून ती बूम वाकायला बघते आणि तिला जाड पेटीसारखं करावं लागतं. जाळीच्या जिबला वायर रोप थेट टोकाला बांधलेला असतो, टोक मागे ओढून धरलेलं, खाली बूड पिनवर टेकलेलं, मग वजन आलं की जिबमध्ये वाकणं जवळजवळ राहत नाही, नुसता लांबीच्या दिशेने दाब येतो. ताण रोपमध्ये, दाब जिबमध्ये. लांब काठी दाबाखाली मधेच फुगून मोडू नये एवढंच बघायचं आणि तेवढ्यासाठी ती जाळी. म्हणून इतकं कमी लोखंड लागायचं. माझ्या पहिल्या जिबमध्ये मी दोर टोकापासून अकरा भोकं अलीकडे बांधला होता, तेव्हा टोक सहा मिमी झुकायचं, दोर अगदी टोकाला नेला आणि झुकणं डोळ्याला दिसेनासं झालं.

दोराचं पण सांगतो. माझ्याकडचा लेगोचा धागा पिळाचा होता, असा धागा वजन लटकलं की उलगडतो आणि हुक गोल फिरत राहतो, दोन पदरी केला तर पदर एकमेकांत गुंततात. मासेमारीचा वेणीसारखा विणलेला धागा आणला, प्रश्न संपला. खऱ्या क्रेनलाही हीच अडचण असते म्हणून न फिरणारे रोप मुद्दाम बनवतात.

हुकाची मोटर, म्हणजे हॉइस्ट. पॉवर फंक्शन्स, म्हणजे लेगोची मोटर आणि रिमोटची पद्धत, तिची एम मोटर घेतली, ९ व्होल्टवर रिकामी मिनिटाला ४०० च्या आसपास फिरते. तिच्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, आणि २४ दातांचा गिअर, म्हणजे चोवीसात एक, ड्रम मिनिटाला साधारण १७ फेरे, दोन पदरी दोर, मग हुक सेकंदाला सात मिमी वर येतो. हळू वाटेल, पण बघायला तेच बरोबर वाटतं. मॉडेल क्रेन बऱ्याच वेळा हुक खेळण्यासारखा सर्रकन वर नेतात, तिथे वजन वजनासारखं वाटतच नाही. आणि वर्मचा दुसरा फायदा असा की वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही, मोटर बंद केली की वजन जिथल्या तिथे. इलेक्ट्रिक क्रेनवर हे काम ब्रेक करतो, तो स्प्रिंगने बंदच असतो आणि करंट आला की विद्युतचुंबक त्याला उघडतो, म्हणजे वीज गेली तर ब्रेक आपोआप लागतो, वजन खाली येत नाही. किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे ही. खाली माणसं उभी असतात.

जिब वरखाली करायला जास्त ताकदीची एल मोटर, तिलाही वर्म, आणि दोर सहा पदरी. जिब जितकी आडवी तितका ह्या दोरावर ताण जास्त, जिब उभी असताना जी मोटर गाणं म्हटल्यासारखी चालते तीच जिब तीस अंशाच्या खाली गेली की रडते. गोल फिरवायला एम मोटर, आधी ८ वर २४, मग वर्म, मग ५६ दातांची टर्नटेबल, म्हणजे वरचा भाग जिच्यावर फिरतो ती चकती, सगळं मिळून १६८ पट, मिनिटाला अडीच फेरे. वर्म आणि टर्नटेबलमध्ये थोडी ढिलाई असते, एक अंश म्हटलं तरी जिबच्या टोकाला ते नऊ मिमी होतात, थांबवली की टोक डावीउजवीकडे डुलतं. टर्नटेबलच्या दोन बाजूंना रबराचे छोटे तुकडे घासत ठेवले, डुलणं पुष्कळ कमी झालं.

आता येतो त्या चालणाऱ्या गाडीकडे.

सुरुवातीला मी सगळ्या मोटर वर ठेवल्या होत्या. बॅटरी बॉक्स वर मागे, सहा पेन्सिल सेल, कारण खऱ्या क्रेनचं इंजिन आणि जनरेटर पण तिथेच मागे असतं आणि तेच अर्धं काउंटरवेट, म्हणजे क्रेन पुढे उलटू नये म्हणून मागे ठेवलेलं वजन. चाकं चालवायची मोटर पण वरच, आणि तिचा ॲक्सल टर्नटेबलच्या मधल्या भोकातून सरळ खाली, तिथे १२ दातांचा बेव्हल, म्हणजे काटकोनात गती देणारा गिअर, तो २८ दातांच्या डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरवर. छान वाटलं होतं डिझाइन. चूक अशी की मोटर बंद असली की तो उभा ॲक्सल वरच्या भागाला घट्ट धरलेला असतो, आणि वरचा भाग फिरला की ॲक्सलही त्याच्याबरोबर फिरतो, खालच्या गाडीच्या दृष्टीने बघाल तर कोणीतरी ॲक्सल एक फेरा फिरवला. एक फेरा भागिले २८ गुणिले १२, गुणिले चाकाचा घेर १९६ मिमी, येतात ८४ मिमी. ते साडेआठ सेंटिमीटर.

पहिला उपाय मी डोकं लढवून केला, अजून एक डिफरन्शियल घातला, एका बाजूला ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला टर्नटेबलवरून घेतलेली उलटी गती, म्हणजे फिरण्याचा हिस्सा वजा होऊन जावा. झाला वजा. कागदावर आणि हातातही. पण ढिलाई आणि घर्षण इतकं वाढलं की वजन घेऊन गाडी जागची हलेना, आणि केबिनच्या खाली जिथे मोकळी जागा हवी तिथे गिअरचा डोंगर. पंधरा दिवस ते घेऊन बसलो. मग एका रविवारी बाबा आले होते, त्यांना दाखवलं, सगळे गिअर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं, हात लावून टर्नटेबल फिरवली, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, “अरे पण आपल्या क्रेनला मधून शाफ्ट नव्हताच. मधे स्लिप रिंग होत्या. मीच साफ करायचो ना, दर दोन महिन्यांनी, कार्बनची काजळी नुसती.”

मी गप्पच झालो. मी जनरेटर वाचला होता, मोटर वाचल्या होत्या, लिव्हर आठवत होते, पण वीज वरून खाली कशी जाते हा प्रश्नच मला पडला नव्हता. पितळी कड्या, त्यांच्यावर दाबून बसलेले कार्बन ब्रश, वरचा भाग दहा फेरे फिरो नाहीतर शंभर, वीज खाली जातेच. शाफ्ट नेला तर फिरण्याची आणि चालण्याची गती एकमेकांत अडकते आणि सोडवायला क्लच लागतात, ब्रेक लागतात. तारेतल्या विजेला वर कोण फिरतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. कोल्सच्या माणसांनी मोटर वेगवेगळ्या का केल्या असतील याची कारणं मी वाचली होती, नाजूक नियंत्रण, हलके लिव्हर, पण त्या मधल्या भोकातली ही सोय मला माझ्या चुकलेल्या मॉडेलने आणि बाबांनी दाखवली.

मग सगळं उचकटलं. चाकांची एल मोटर खाली, स्टिअरिंगची सर्व्हो मोटर, म्हणजे ठराविक कोनापर्यंतच वळणारी, ती पण खाली. पॉवर फंक्शन्सच्या वायरीत चार तारा असतात, बाहेरच्या दोन म्हणजे ९ व्होल्ट आणि शून्य, मधल्या दोन मोटरच्या. साध्या मोटरला मधल्या दोनच पुरतात, सर्व्होला चारही लागतात. दोन अधिक चार, सहा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहा तारांची छोटी स्लिप रिंग मिळाली, साडेबारा मिमी व्यासाची, प्रत्येक तारेला दोन अँपिअर चालते, टर्नटेबलच्या मधल्या भोकात आरामात बसते. दोन एक्स्टेंशन वायरी मधोमध कापल्या आणि टाके घातले. लेगोवाल्यांमध्ये वायर कापणं किंवा बाहेरचा भाग घालणं अजिबात न मानणारी बरीच माणसं आहेत आणि मी स्वतः आजवर एकही तुकडा कापला नव्हता, पण इथे मला जराही शंका नाही, खऱ्या क्रेनमध्ये त्याच जागी तीच वस्तू होती. ती न घालता मी वायरला पीळ पडेल म्हणून दीड फेऱ्यावर अडवणारा खुंटा घातला असता तर ते कोल्सचं मॉडेल राहिलंच नसतं. लेगोचाच कुठला भाग ह्या कामाला मिळाला तर कळवा, मी बदलेन.

चालू केली, वरचा भाग फिरवला. सलग दहा फेरे. गाडी जागच्या जागी.

दुसरी एक गंमत नंतर कळली आणि ती पण बाबांकडूनच. खऱ्या क्रेनमध्ये ऑपरेटर वरच्या केबिनमध्ये बसूनच गाडी चालवतो, केबिन मागे वळलेली असली की त्याचं डावं ते गाडीचं उजवं. माझ्या रिमोटवरही तंतोतंत तेच होतं, केबिन उलटी असताना डावीकडे दाबलं की गाडी माझ्या मनातल्या उजवीकडे जाते. बाबा म्हणाले नवीन ऑपरेटर आला की पहिला महिना त्याला केबिन पुढे केल्याशिवाय गाडी हलवू द्यायचे नाहीत. मी पण आता तोच नियम पाळतो.

रिमोटबद्दल एकच, पॉवर फंक्शन्स इन्फ्रारेड आहे, २००७ ची पद्धत, आता लेगोने बंद केलेली. एका रिसीव्हरला दोन मोटर, माझ्या पाच, म्हणून तीन रिसीव्हर केबिनच्या छपराखाली. गॅलरीत दुपारच्या उन्हात चालत नाही, घरात उत्तम चालते. नवीन ब्लूटूथवाली पद्धत घेता आली असती पण माझ्याकडे मोटर ह्याच होत्या आणि वायर कापून स्लिप रिंग लावायला ह्या सोप्या पडल्या.

वजनाची चाचणी. एकास अठरा म्हणजे वजन अठराच्या घनाने कमी होतं, ५८३२ पट, तेव्हा सहा टन म्हणजे माझ्या मॉडेलवर एक किलोच्या जरा वर. एक किलो मी उचललं नाही, उगाच हट्ट नको. अर्धा लिटरची भरलेली पाण्याची बाटली, सुतळीची स्लिंग, जिब साठ अंशावर, समोरच्या बाजूला. उचलली. मग हळूहळू बाजूला फिरवली, कारण चार चाकांच्या क्रेनची खरी परीक्षा बाजूला असते, पुढे मागे चाकांचं अंतर जास्त, आडवं कमी, तिथे उलटायला वेळ लागत नाही. नव्वद अंशावर आली तेव्हा पलीकडची दोन चाकं फरशीवर फक्त टेकलेली होती, खालून कागद सरकला. म्हणजे हीच हद्द. मागे काउंटरवेटच्या पेटीत नटबोल्ट भरले, दीडशे ग्रॅम, मग कागद सरकायचा थांबला. जिब पंचेचाळीसवर नेली की मात्र तीनशे ग्रॅमच, त्याच्यावर नाही. केबिनच्या दारावर मी छोटा तक्ता चिकटवलाय, कुठल्या कोनाला किती ग्रॅम, खऱ्या क्रेनमध्ये असतो तसा.

बाबांनी रिमोट हातात घेतला तो शेवटी, म्हणजे सगळं झाल्यावर, गेल्या महिन्यात. माझी लेक खलाशी, म्हणजे क्रेनला खालून इशारे देणारा माणूस, झाली होती, तिला त्यांनी हाताच्या खुणा शिकवल्या, अंगठा वर, अंगठा खाली, मूठ म्हणजे थांब, आणि खाली घ्यायचं असलं की ओरडायचं “आरिया, आरिया”, यार्डात खलाशी ओरडायचे तसं. ती सोफ्यावर उभी राहून आरिया ओरडत होती आणि बाबा हुक सेकंदाला सात मिमी खाली आणत होते, चहाच्या रिकाम्या डब्यावर, डब्याच्या बरोबर मधे. मधेच थांबले आणि मला म्हणाले, “हुक पार वर गेला आणि कप्पीला भिडला तर काय करतोस? धागा तुटेल नाहीतर जिब मागे खेचली जाईल. आपल्या क्रेनला लिमिट स्विच होता.”

नव्हता माझ्याकडे. आता करतोय. जिबच्या टोकाला लेगोचाच पॉवर फंक्शन्सचा स्विच बसतो, हुकाच्या ब्लॉकने त्याचा दांडा ढकलला की हॉइस्टची वाट बंद, पण मग खाली आणायलाही वाट बंद होते, म्हणून वर जाणारी दिशाच फक्त तुटेल असं काहीतरी हवं, बहुतेक एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालावा लागेल. वायर जिबवरून न्यायची तर तिचं वजनही टोकाला येतं, नऊ ग्रॅम, मी मोजलं.